पंपाच्या आधीचा प्रश्न

प्रिय दादा,

तुझ्या धाकट्याने पाठवलेला व्हिडिओ पाहिला. अमेरिकेत पोटात पंप बसवतात, केमोचं औषध थेट लिव्हरमध्ये सोडतात आणि केससुद्धा गळत नाहीत, असं त्यात सांगितलंय. खाली त्याने एवढंच लिहिलं होतं, ‘आत्या, बाबांसाठी हे करता येईल का?’ त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालास, ‘लिव्हरला गेलंय, चौथी स्टेज. आता काय राहिलंय? मला उन्हाळी भाताचं बघू दे.’ मुलगा अमेरिकेचा पंप शोधतोय आणि बाप फाइल कपाटात ठेवून मोकळा होतोय. तुम्ही दोघंही चुकीच्या टोकाला उभे आहात, असं मला वाटतं. मधे बरंच काही आहे. ते फोनवर सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

पत्र छापायला देऊ का, असं विचारलं तर तू म्हणालास, ‘दे, फक्त माझं नाव नको.’ नाव घातलेलं नाही. कर्जत-खालापुरात असे रिपोर्ट हातात घेऊन बसलेली घरं कमी नाहीत, त्यांनाही उपयोग होईल.

मी डॉक्टर नाही, हे तुला ठाऊक आहे. ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. शरीर कसं चालतं ते सांगू शकते, आणि छापून आलेलं संशोधन वाचून त्यातलं खरं किती नि जाहिरात किती हे थोडंफार ओळखू शकते. तुझ्यावर कोणता उपचार करायचा, ते तुझे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर कोणता प्रश्न आधी ठेवायचा, हे आपल्या हातात आहे.

तो प्रश्न पंपाचा नाही. तो असा आहे : लिव्हरमधल्या गाठी आज किंवा काही महिन्यांनी पूर्ण काढता येतील का? आणि तो लिव्हरची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनला विचारायचा, तुझा स्कॅन त्यांच्या डोळ्यांसमोर असताना.

‘चौथी स्टेज’ हे शब्द ऐकून तू हात टेकलेस. बहुतेक कॅन्सरांत चौथी स्टेज म्हणजे रोग शरीरभर विखुरलेला असतो, आणि ऑपरेशनचा विचारही होत नाही. तुझा, म्हणजे मोठ्या आतड्याचा कॅन्सर इथे थोडा वेगळा वागतो. आतड्यांतून निघणारं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते आधी एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. जेवणातून आलेलं बरंचसं तिथे तपासून, साठवून, निवडून मग पुढे सुटतं. त्यामुळे आतड्याच्या गाठीतून सुटलेली पेशी बहुतेकदा पहिल्यांदा लिव्हरमध्येच अडकते. आतड्याचा कॅन्सर सापडतो तेव्हाच पाचांतल्या साधारण एका रुग्णाच्या लिव्हरमध्ये गाठी असतात. आणखी काहींना त्या पुढच्या दोन-तीन वर्षांत दिसतात, तुला दिसल्या तशा. पण म्हणूनच अनेकांचा रोग बराच काळ लिव्हरपुरताच राहतो. जागा एकच असेल, तर ती साफ करता येईल का, हा विचार करण्यासारखा ठरतो.

लिव्हर हा अवयवही तसा उदार आहे. निरोगी लिव्हरचा सत्तर टक्क्यांपर्यंत भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून काम सांभाळतो. त्यामुळे सर्जन आता ‘किती गाठी आहेत’ एवढंच मोजत नाहीत. ‘सगळ्या काढल्यावर मागे पुरेसं लिव्हर उरेल का, आणि त्याला रक्त येण्या-जाण्याचा रस्ता राहील का’ हे पाहतात. उरणारा भाग लहान पडत असेल, तर गाठींच्या बाजूची शीर बंद करतात. सगळं रक्त दुसऱ्या बाजूला वळतं, तीनेक ते सहा आठवड्यांत ती बाजू फुगते, आणि मग ऑपरेशन होतं. दोन्ही बाजूंना गाठी असल्या तर दोन टप्प्यांतही करतात. ज्यांच्या लिव्हरमधल्या गाठी पूर्ण निघतात, त्यांपैकी साधारण चाळीस टक्के लोक पाच वर्षांनी हयात असतात, आणि सहांतला साधारण एक दहा वर्षांनीही रोगमुक्त सापडतो. बाकीच्यांमध्ये रोग पुन्हा उगवतो, कधी लिव्हरमध्ये, कधी फुप्फुसात, आणि पुन्हा काढावा लागतो. हे आकडे तुला आनंदी करायला सांगत नाही. पण ‘आता काय राहिलंय’ या वाक्याला त्यांत उत्तर आहे.

सर्जनला दाखवायची घाई कशासाठी, तेही सांगते. तुला ज्यांनी केमो सुचवलीय त्यांचं चुकलेलं नाही. गाठी लहान करायला, रोगाचा स्वभाव ओळखायला केमो आधी देतात. पण ऑपरेशनचा विचार करायचाच असेल, तर सर्जनने स्कॅन केमोच्या आधी किंवा सुरुवातीलाच पाहिलेला बरा. याला दोन कारणं आहेत. केमोने काही गाठी स्कॅनवरून नाहीशा होतात, आपण पेढे वाटतो, आणि सर्जन मात्र चिंतेत पडतो. दिसेनाशी झालेली गाठ बहुतेकदा मेलेली नसते. तिथे पेशी शिल्लक असतात आणि कापायचं कुठे ते कळत नाही. दुसरं म्हणजे, लांबलेली केमो लिव्हरलाच थकवते. गेल्या वर्षी ज्या औषधाने तुझ्या बोटांना मुंग्या आल्या, विहिरीच्या गार पाण्यात हात घालवेना, ते ऑक्सॅलिप्लॅटिन लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतं. दुसरं औषध आहे इरिनोटेकान, त्याने लिव्हरमध्ये चरबी साठून सूज येऊ शकते. अशा लिव्हरचा मोठा तुकडा काढणं जोखमीचं. ‘आधी सगळी केमो होऊ दे, मग सर्जनला दाखवू’ हा क्रम म्हणून मला पटत नाही.

आता पंपाकडे येते. तो व्हिडिओ खोटा नाही. अर्धा आहे.

आपल्या खाचराला दोन पाणी आहेत ना, एक पावसाचं, एक राजनाल्याचं. वर्षाचा हिशेब मांडला तर पावसाचं पाणी कितीतरी जास्त. पण भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाल्याने आलं नाही, तर उन्हाळी भात उभाच राहत नाही. लिव्हरलाही दोन पाणी आहेत. आतड्यांकडून येणारी शीर त्याला तीन-चतुर्थांश रक्त देते, आणि हृदयाकडून येणारी धमनी उरलेलं पाव. लिव्हरच्या निरोगी पेशी दोन्हींवर जगतात. कॅन्सरच्या गाठी मात्र मोठ्या झाल्या की जवळजवळ पूर्ण धमनीवर पोसल्या जातात. म्हणजे त्या उन्हाळी पिकाच्या जागी आहेत. औषध सगळ्या शिवारात शिंपडण्याऐवजी त्या एका नाल्यात सोडलं, तर ते जिथे हवं तिथे दाट पोचेल, ही त्या पंपामागची कल्पना.

त्यासाठी औषधही तसंच निवडलेलं आहे. त्याचं नाव फ्लॉक्सयुरिडिन. तुला गेल्या वर्षी गोळ्यांतून दिलेल्या कॅपेसिटाबिनच्याच नात्यातलं. लिव्हरमधून एकदा जाताना त्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग लिव्हरच शोषून घेतं. पुढे शरीरात फारच थोडं सुटतं, म्हणून केस गळत नाहीत, उलट्या कमी होतात. पंप म्हणजे तळहातावर मावेल एवढी धातूची चपटी डबी. ऑपरेशन करून ती पोटाच्या कातडीखाली बसवतात आणि तिची नळी लिव्हरच्या धमनीला मिळणाऱ्या एका फांदीत सोडतात. तिला बॅटरी नसते. शरीराच्या उबेने आतला वायू फुगतो आणि औषध ठरावीक गतीने ढकलतो. हा प्रकार १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात तयार झाला. दर दोन आठवड्यांनी कातडीतून सुई टोचून डबी भरायची. दोन आठवडे औषध, दोन आठवडे नळी मोकळी ठेवणारं साधं द्रावण. तुझ्या शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला छातीवरच्या पोर्टमधून जी ४६ तासांची बाटली लावून घरी सोडत होते, ती ही नव्हे. त्या बाटलीतलं औषध सगळ्या शरीरात जातं.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग इस्पितळात डॉ. नॅन्सी केमेनी यांनी या पंपावर आयुष्य घातलं. १९९९ मध्ये त्यांनी १५६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. या सगळ्यांच्या लिव्हरमधल्या गाठी ऑपरेशनने काढलेल्या होत्या. त्यानंतर साधारण अर्ध्यांना नेहमीची केमो, बाकीच्यांना नेहमीची केमो आणि पंप. दोन वर्षांनी पंपवाल्यांतले ८६ टक्के हयात होते, नुसत्या केमोवाल्यांतले ७२ टक्के. लिव्हरमध्ये रोग परत येणं तर फारच कमी झालं. आकडा मोठा आहे, पण त्याच्या बाजूच्या दोन गोष्टी व्हिडिओत नाहीत. या लोकांच्या गाठी आधी काढता आल्या होत्या, म्हणजे आपला पहिला प्रश्न त्यांनी ओलांडला होता. आणि त्या वेळची नेहमीची केमो आजच्या मानाने तोकडी होती, ऑक्सॅलिप्लॅटिन अजून सर्रास आलेलं नव्हतं. आजच्या केमोशेजारी पंप ठेवला तर नेमका किती फायदा, हे तपासणाऱ्या चाचण्या अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये हाती घेतल्या गेल्या. काढता न येणाऱ्या गाठी पंपाने आणि केमोने लहान करून पुढे ऑपरेशनपर्यंत नेलेले रुग्णही आहेत, हेही खरं.

पंपाची किंमतही आहे. पैशांची सांगत नाही. लिव्हरला दाट मिळणारं औषध पित्तनलिकांनाही दाटच मिळतं, कारण त्यांनाही त्याच धमनीचं रक्त असतं. त्या आकसल्या की कावीळ होते, आणि ते नुकसान कधी कधी भरून येत नाही. म्हणून दर खेपेला रक्त तपासून औषधाचं प्रमाण ठरवतात, गरज पडली तर थांबवतात. औषध चुकून जठराकडे वळलं तर तिथे जखमा होतात. पित्ताशयाला इजा होऊ नये म्हणून ते पंप बसवतानाच काढून टाकतात. ज्या इस्पितळांत हे वर्षानुवर्षं चालतं तिथे असे त्रास कमी, जिथे नवीन तिथे जास्त. आणि औषध लिव्हरपुरतं राहतं, म्हणून बाकी शरीरासाठी नेहमीची केमो द्यावी लागतेच. केस वाचले तरी सलाईन चुकणार नाही.

आपल्याकडच्या इस्पितळांत हा पंप नेहमीच्या उपचारात नाही. धाकट्याला हे स्पष्ट सांग. शेत विकून अमेरिकेला जायचा विचारही त्याने करू नये. दर दोन आठवड्यांनी भरायची डबी घेऊन माणूस परदेशातून कर्जतला परत येऊ शकत नाही.

पण लिव्हरच्या धमनीतून उपचार करणं आपल्याकडे नवीन नाही. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी थेट लिव्हरच्या धमनीत नेतात. तिच्यातून केमोचं औषध भरलेले सूक्ष्म मणी सोडता येतात, किंवा किरणोत्सर्गी यट्रियम-९० असलेले काचेचे कण. हे कण गाठींच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथूनच किरणं सोडतात. पूर्वी ते परदेशातून यायचे आणि फार महाग पडायचे. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तसेच कण इथे बनवले, त्यांना ‘भाभास्फिअर’ म्हणतात. अभिमान वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण हिशेब इथेही नीट मांडायला हवा. आतड्याचा कॅन्सर लिव्हरला गेलेल्या अकराशेहून जास्त रुग्णांत पहिल्या केमोसोबतच असे यट्रियमचे कण देऊन पाहिले, त्याचे निकाल २०१७ मध्ये आले. लिव्हरमधला रोग जास्त काळ दबून राहिला, पण माणसं जास्त जगली नाहीत. म्हणून हे उपचार बहुतेकदा केमो लागू पडेनाशी झाल्यावर, आणि रोग लिव्हरपुरताच असताना, विचारात घेतात.

गाठी थोड्या आणि लहान असतील, तर त्यांच्यात सुई घालून मायक्रोवेव्हच्या उष्णतेने त्या जाळतात. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी हा उपाय ऑपरेशनपेक्षा कमी पडत नाही आणि त्रास कमी होतो, असं नेदरलँड्समधल्या एका चाचणीत दिसलं. काही गाठी कापायच्या, काही जाळायच्या, असं एकाच वेळी करतात. अगदी निवडक रुग्णांत लिव्हर बदलण्यापर्यंत गोष्ट गेलीय. फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले, त्यात लिव्हर बदललेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पाच वर्षांनी हयात होते. तुझ्यासाठी लगेच तो विचार करायचा नाही. सांगितलं ते एवढ्यासाठी, की ‘लिव्हरला गेलंय’ या एका वाक्याखाली किती वेगवेगळ्या वाटा आहेत ते तुला कळावं. त्यांतली कोणती तुझी, हे एका डॉक्टरने ठरवायचं नसतं. लिव्हरचा सर्जन, केमोचे डॉक्टर आणि स्कॅन वाचणारे, तिघांनी एका टेबलावर बसून ठरवायचं असतं.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अशी बैठक ही रोजच्या कामाची पद्धत आहे. १९४१ पासून ते इस्पितळ उभं आहे आणि आपल्याकडून एका लोकलच्या अंतरावर आहे. तिथे जाणं लगेच जमत नसेल, तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत ‘नव्या’ या सेवेतून ऑनलाइनही मागता येतं. रिपोर्ट चढवायचे, मत लेखी येतं. धाकट्याला मोबाइलवर व्हिडिओ शोधता येतात, तर हेही जमेल. खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटाचंच केंद्र. चौकवरून पनवेलमार्गे तिकडे जाणं तुला लोकलपेक्षा सोपं पडेल, तेव्हा कोणती तपासणी तिथे होऊ शकते तेही विचार.

सोबत नेण्यासाठी : स्कॅनची सीडी (नुसता छापील रिपोर्ट नव्हे, सर्जनला चित्रं लागतात), आतड्याच्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, सीईए या रक्ततपासणीचे सगळे आकडे तारखांसह, आणि गेल्या वर्षीच्या केमोची किती सायकल्स झाली त्याचा कागद. आतड्याच्या गाठीचे मेणातले ठोकळे पहिल्या इस्पितळातून मागून घे, ते देतात. त्यांवर रास, बीआरएएफ आणि एमएसआय या तपासण्या करून कोणतं औषध तुझ्या रोगाला लागू पडेल, कोणतं नाही, ते ठरतं.

पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. वहिनीला रेशनकार्ड आणि आधार काढून ठेवायला सांग. इस्पितळात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला आधी भेटायचं, बिल झाल्यावर नव्हे. सगळे उपचार योजनेत बसत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं. मुक्कामाची वेळ आली आणि माझं घर लांब पडलं, तर परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कितीतरी गावांचे कॅन्सरचे पेशंट तिथे राहून गेलेत.

एक गोष्ट कळवळून सांगते. लिव्हरचं नाव निघालं की आपल्याकडे कुणीतरी काविळीचं झाडपाल्याचं औषध सुचवतंच. घेऊ नकोस. गुळवेलीचा काढाही नको. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले रुग्ण २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी नोंदवलेत. केमो आणि ऑपरेशन दोन्ही तुझ्या लिव्हरच्या जोरावर होणार आहेत, त्याच्यावर दुसरं ओझं टाकायचं नाही. दारूचं तर सांगायला नको.

आणि उत्तर ‘काढता येणार नाही’ असं आलं तर? तर कारण विचार. गाठी फार पसरल्यात म्हणून, की लिव्हरच्या बाहेरही रोग आहे म्हणून, की आत्ता नाही पण केमोनंतर पुन्हा बघू म्हणून? ही तीन वेगळी उत्तरं आहेत. तिसरं असेल, तर पुन्हा कधी बघणार ती तारीख लिहून घे. पहिली दोन असतील, तर केमो थांबवायचं कारण नाही. जुन्या काळी एकाच औषधावर अशा रुग्णाला सरासरी वर्षभर मिळायचं, आजच्या औषधांवर दोन वर्षं आणि त्याहूनही जास्त मिळतात. दुखणं, भूक, झोप यांकडे बघणारा पॅलिएटिव्ह विभाग असतो. तो शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवायचा नसतो, पहिल्या दिवसापासून मागायचा असतो. आणि एवढं झाल्यावर तू शांत डोक्याने म्हणालास की मला आता राजनाल्याच्या पाण्यावर भात करू दे, इस्पितळ पुरे, तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. फरक एवढाच, की तेव्हा तू सगळं ऐकून ठरवलेलं असेल. आज ते एका डॉक्टरच्या एका वाक्यावर ठरवलं आहेस.

तेव्हा अपॉइंटमेंट घे. कॅन्सरच्या पेशंटला लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, उगाच संकोच करून जनरलमध्ये लोंबकळू नकोस, दाखला खिशात ठेव. फाइल आणि सीडी तुझ्याकडे. मी डोंबिवलीला त्याच गाडीच्या बायकांच्या डब्यात चढते, दादरला पुलाखाली भेटू आणि तिथून परळला जाऊ. प्रश्न कागदावर मी लिहून आणते, विचारायचे मात्र तू.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच

ता. क. : वहिनीला सांग, डबा दोघांचा कर, आणि तुझ्या डब्यात तिखट कमी.